ज्यांनी मला तपासायला शिकवलं

आमच्या टीममधल्या सगळ्यात ज्येष्ठ इंजिनिअरनी मला कामाचा पहिला नियम शिकवला. मी फोनच्या कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करते. कुणी कितीही खात्रीने सांगो, मूळ फाइल स्वतः उघडून पाहिल्याशिवाय बग नोंदवायचा नाही, असा तो नियम. रंग बिघडलेत, फोटोत डाग पडतोय, चेहरा दोनदा उमटतोय, अशा तक्रारी रोज येतात आणि ते दरवेळी एवढंच विचारतात, "फाइल कुठे आहे?" तेच गृहस्थ एकदा दुपारच्या जेवणात, अगदी साध्या आवाजात म्हणाले, की मानवेतर बुद्धीची यानं पृथ्वीवर येतात, त्यांचे अवशेष सरकारजवळ आहेत आणि हे आता जवळजवळ सिद्ध झालेलं आहे. मला वाटलं, एखाद्या मालिकेची गोष्ट चाललीय. मी टेबलावरच्या इतरांकडे पाहिलं. भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेली एक सहकारी गंभीरपणे मान डोलावत होती.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, सिंदेवाही तालुक्यातली. आमच्या शाळेत अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यायचे. मंत्र म्हणत 'तूप' ओतून होम पेटवायचे आणि मग ते तूप नसून ग्लिसरीन आहे, खाली पोटॅशियम परमँगनेट ठेवलंय, हे उलगडून दाखवायचे. त्या वयात माझ्या मनात एक हिशेब पक्का झाला: माणूस शिकला, प्रयोग करू लागला, की असले समज आपोआप गळून पडतात. तो हिशेब घेऊन मी कॅलिफोर्नियात सनीवेलला नोकरीला आले. इथे जे लोक प्रोसेसर बनवतात, उपग्रह उडवतात, पेशींमधली प्रथिनं मोजतात, त्यांच्यातले काहीजण उडत्या तबकड्यांवर मनापासून विश्वास ठेवतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर पटलं नसतं.

मग मी वाचायला लागले. २४ जून १९४७ रोजी केनेथ अरनॉल्ड नावाचा एक खासगी वैमानिक वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनिअरजवळून जात होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू अतिशय वेगाने जाताना दिसल्या, आणि तिथून तबकड्यांचं युग सुरू झालं. हे बहुतेकांना माहीत असतं. मला मात्र जे. ॲलन हायनेक यांच्या गोष्टीने जास्त अस्वस्थ केलं. ओहायोमधल्या या खगोलशास्त्रज्ञाला अमेरिकन हवाई दलाने १९४८ मध्ये सल्लागार नेमलं. काम सोपं होतं: तबकड्या दिसल्याच्या आलेल्या नोंदींमधले ग्रह, तारे, उल्का ओळखून बाजूला काढायचे. वीसेक वर्षं ते हेच करत राहिले. १९६९ मध्ये हवाई दलाचा हा तपासाचा प्रकल्प, 'प्रोजेक्ट ब्लू बुक', बंद झाला, तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ चा उलगडा झालेला नव्हता. आणि ज्यांना शंका निरसन करायला बसवलं होतं, ते हायनेक स्वतःच १९७२ मध्ये पुस्तक लिहून सांगू लागले, की हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुढच्या वर्षी त्यांनी त्यासाठी वेगळं अभ्यासकेंद्रच काढलं.

हायनेक यांच्या हाताखाली तयार झालेले झाक व्हॅले तर या सगळ्याच्या मधोमध उभे आहेत. फ्रान्समध्ये जन्म, खगोलशास्त्राचं शिक्षण, टेक्सासच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेत मंगळाच्या संगणकीय नकाशावर काम, १९६७ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून संगणकशास्त्राची डॉक्टरेट. पुढे ते मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये अर्पानेटच्या सुरुवातीच्या दिवसांत होते आणि नंतर सिलिकॉन व्हॅलीत गुंतवणूकदार झाले. म्हणजे इंटरनेटच्या पायाभरणीतला हा माणूस. स्पीलबर्गच्या १९७७ च्या सिनेमातला फ्रेंच शास्त्रज्ञ त्यांच्यावरूनच बेतलेला होता. पण व्हॅले परग्रहवासी मानत नाहीत! १९९० च्या एका निबंधात त्यांनी परग्रहाच्या कल्पनेविरुद्ध पाच मुद्दे मांडले. त्यातला एक असा, की या भेटींची संख्या कुठल्याही ग्रहाच्या सर्वेक्षणाला लागेल त्याहून कितीतरी जास्त आहे. त्यांच्या मते ही घटना फार जुनी आहे, पऱ्यांच्या आणि देवदूतांच्या कथांमध्येही तीच दिसते आणि तिचं मूळ आपल्याला अजून न कळलेल्या कशात तरी आहे. हे वाचल्यावर माझा गोंधळ दुप्पट झाला. निदान 'परग्रहावरून यान आलं' एवढं तरी समजण्यासारखं होतं.

संख्या पाहिल्या तर जरा पायाखाली जमीन मिळेल असं वाटलं. स्टॅनफर्डचे प्लाझ्मा भौतिकशास्त्रज्ञ पीटर स्टरॉक यांनी १९७० च्या दशकात अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या २,६११ सदस्यांना प्रश्नावली पाठवली. १,३५६ जणांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या ६२ जणांनी स्वतः काहीतरी न उलगडलेलं पाहिल्याचं लिहिलं. ज्यांनी या विषयावर जास्त वाचन केलं होतं, त्यांना तो जास्त अभ्यासयोग्य वाटत होता. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १४४ विद्यापीठांमधल्या १,४६० प्राध्यापकांचं असंच एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यातही १९ टक्क्यांच्या आसपास लोकांनी स्वतःला किंवा जवळच्या कुणाला असं काही दिसल्याचं सांगितलं. पण 'मला ओळखता आलं नाही' आणि 'ते यान होतं' यांमध्ये मोठी दरी आहे. ही दरी आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणाच्या लक्षात येत नव्हती, आणि तीच मला सतत दिसत होती.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये स्टॅनफर्डला या विषयाचा अभ्यास करणाऱ्या सोल फाउंडेशनची पहिली परिषद झाली. फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी गॅरी नोलन हे स्टॅनफर्डमधले नावाजलेले रोगप्रतिकारशास्त्रज्ञ. परिषदेनंतर माझ्या वरिष्ठांच्या ओळखीतल्या एकाने लॉस अल्टोसला घरी लोकांना बोलावलं आणि ते मला बरोबर घेऊन गेले. अंगणात दिवे, ताटांत चीज आणि द्राक्षं. माणसं अशी, की ज्यांच्यासमोर एखादा तरुण नव्या कंपनीसाठी भांडवल मागायला उभा राहिला, तर आकड्याआकड्याला त्याची कसून तपासणी होईल. त्या संध्याकाळी मला कळलं, की या मंडळींचं आपापसात जमत नाही. एक गट धातूच्या यंत्रांवर विश्वास ठेवणारा: यान आहे, इंजिन आहे, ते उघडून पाहायला मिळालं तर ऊर्जेचा प्रश्नच सुटेल. दुसरा व्हॅलेंच्या बाजूचा. तिसऱ्या गटाला ध्यान आणि जाणीव यांच्यात रस. प्रत्येक गटाला उरलेले दोन भोळे वाटत होते.

एका गुंतवणूकदार बाईंनी मला त्यांचा हिशेब नीट समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "शंभरात एक शक्यता असू दे. ती खरी ठरली, तर मानवजातीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा शोध. मग थोडे पैसे लावायला काय हरकत आहे?" हा हिशेब खोटा नाही. याच हिशेबाने युरी मिलनर या गुंतवणूकदारांनी २०१५ मध्ये 'ब्रेकथ्रू लिसन'साठी दहा कोटी डॉलर जाहीर केले, आणि तो रेडिओ दुर्बिणींनी आकाश ऐकण्याचा सरळ, उघडा, सगळ्यांना पाहता येणारा प्रकल्प आहे. चार्ल्स हॉस्किन्सन या क्रिप्टो उद्योजकाने हार्वर्डचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ अवी लोब यांच्या २०२३ च्या मोहिमेला पैसे दिले. लोब यांनी पापुआ न्यू गिनीजवळच्या समुद्रतळावर चुंबकांची घसरगाडी फिरवून २०१४ मधल्या एका उल्केचे बारीक गोल कण शोधले, आणि ती उल्का दुसऱ्या ताऱ्याकडून आली असावी, कदाचित घडवलेली वस्तू असावी, असं मांडलं. जागा ठरवायला मानूस बेटावरच्या भूकंपमापकाची जी नोंद वापरली होती, ती जवळच्या रस्त्यावरून गेलेल्या ट्रकची असल्याचं पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या भूकंपशास्त्रज्ञाने दाखवलं. लोब यांना ते मान्य नाही. पण वाद उघड्यावर झाला, दोन्ही बाजूंचे आलेख कुणालाही पाहता येतात. याला मी विज्ञान म्हणते, निष्कर्ष कितीही अंगावर येणारा असो. त्या बाईंना मी विचारलं, की कंपनीत पैसे घालताना तुम्ही 'अमुक दिवसापर्यंत अमुक झालं नाही, तर बाहेर पडायचं' हे ठरवता ना, मग इथे बाहेर पडायची तारीख कोणती? त्यांनी थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की तशी काही तारीख नाही.

खऱ्या अर्थाने मला हलवलं ते आमच्या काकांनी. ते नात्याने काका नाहीत. महाराष्ट्र मंडळातल्या दिवाळीच्या फराळाला ओळख झाली. पवईच्या आयआयटीतून शिकून १९७० च्या दशकात इकडे आले, सगळं आयुष्य रडार आणि सिग्नल यांच्यात गेलं, आता खाडीच्या पलीकडे फ्रीमाँटला राहतात. गणपतीची आरती म्हणतात, पण नवससायास, मुहूर्त, पत्रिका यांना घरात थारा नाही. मी हसत हसत ऑफिसमधला प्रसंग सांगितला. ते हसले नाहीत.

"अगं, मी चाळीस वर्षं रडारच्या पडद्यासमोर काढली," काका म्हणाले. "पक्ष्यांचा थवा, पाऊस, समुद्राच्या लाटा, हवेच्या थरांतून वाकून आलेला प्रतिध्वनी. खोटा ठिपका कसा दिसतो ते मला विचार. आणि निमित्झचं प्रकरण वाचलंस का?"

तोवर वाचलं नव्हतं. १४ नोव्हेंबर २००४, सॅन डिएगोजवळचा समुद्र. 'निमित्झ' या विमानवाहू जहाजाच्या ताफ्यातल्या 'प्रिन्स्टन' या युद्धनौकेच्या रडारवर काही दिवस विचित्र ठिपके येत होते. त्या दिवशी दोन लढाऊ विमानं तिकडे वळवली गेली. दोन्ही विमानांत मिळून चार माणसं. कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांनी सांगितलेलं असं: खाली समुद्राचं पाणी खळबळलेलं, त्यावर सुमारे ४० फूट लांबीची, पंख नसलेली, पांढरी, लंबगोल वस्तू इकडून तिकडे झेपावतेय, ते जवळ जायला लागले, तर ती समोरून निसटून दिसेनाशी झाली. दुसऱ्या विमानातल्या ॲलेक्स डीट्रिख यांनीही पुढे जाहीरपणे दुजोरा दिला. काकांचा मुद्दा साधा होता: रडार एक, डोळे चार जोड्या, नंतर दुसऱ्या विमानाच्या उष्णतावेधी कॅमेऱ्याचं चित्रण. वेगवेगळी साधनं एकच गोष्ट सांगत असतील, तर इंजिनिअर त्या गोष्टीला खरी मानतो. मी आजवर हेच शिकत आले आहे. त्यामुळे मला उत्तर देता येईना. निमित्झचं प्रकरण मला आजही उलगडलेलं नाही. फक्त एक गोष्ट काकांनीही मान्य केली: त्या रडारच्या मूळ नोंदी बाहेर आलेल्या नाहीत. आपण ज्याला रडारचा पुरावा म्हणतो, ती रडारवर बसलेल्या माणसांची आठवण आहे.

तेव्हा मी ठरवलं, की ज्याची फाइल आहे तिथून सुरुवात करू. पेंटागॉनने एप्रिल २०२० मध्ये नौदलाच्या तीन चित्रफिती अधिकृतपणे जाहीर केल्या. त्यातल्या 'गो फास्ट' नावाच्या फितीत एक पांढरा ठिपका समुद्रावरून सुसाट जाताना दिसतो आणि वैमानिक आनंदाने ओरडतात. पडद्यावर आकडे आहेत: विमानाची उंची २५,००० फूट, कॅमेरा क्षितिजाखाली सुमारे २६ अंश, लक्ष्याचं अंतर सुमारे ४.४ नाविक मैल. एवढ्यावर नववीच्या त्रिकोणमितीने हिशेब होतो. ४.४ ला २६ अंशांच्या साइनने गुणलं, की जवळजवळ १.९ नाविक मैल, म्हणजे साडेअकरा हजार फूट. ती वस्तू विमानापेक्षा एवढी खाली. मग ती समुद्राला चिकटून जात नाही. ती १३,००० फुटांच्या आसपास आहे. पाण्याची पार्श्वभूमी जी झरझर मागे पळताना दिसते, ती मुख्यतः विमानाच्याच वेगामुळे. धावत्या गाडीतून जवळचं झाड आणि दूरचा डोंगर पाहावा तसं हे आहे. हा हिशेब मिक वेस्ट या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या प्रोग्रॅमरने फार आधी मांडला होता, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाच्या अहवालातही तोच निघाला: वेग ताशी साधारण ४० मैल, त्या उंचीवरच्या वाऱ्याएवढा.

मी कागद घेऊन माझ्या वरिष्ठांकडे गेले. त्यांनी प्रत्येक ओळ तपासली, कोन पुन्हा वाचला, एका ठिकाणी माझ्यापेक्षा नेमका आकडा घातला आणि म्हणाले, "बरोबर आहे. हा बहुधा फुगा असावा." मला वाटलं, आता पुढचं बोलणं सोपं होईल. ते म्हणाले, "पण माझा विश्वास या फितीवर कधी नव्हताच."

मग कशावर? त्याच दुपारी त्यांनी मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. वडील १९६० च्या दशकात लॉकहीडच्या सनीवेलच्या कारखान्यात इंजिनिअर होते. घरी कामाबद्दल चकार शब्द नाही. मुलांना एवढंच माहीत, की बाबा 'अंतराळाचं काहीतरी' करतात. १९९५ मध्ये सरकारने 'कोरोना' प्रकल्पावरची गुप्तता उठवली. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेचे हेर उपग्रह सोव्हिएत भूमीची छायाचित्रं घेत, फिल्मची डबी पॅराशूटने खाली सोडत आणि विमान ती हवेतल्या हवेत झेलत असे. बाहेर जगाला सांगितलं होतं, की हे 'डिस्कव्हरर' नावाचे वैज्ञानिक उपग्रह आहेत. वडील त्या कॅमेऱ्यांवर काम करत होते. सांगायची परवानगी मिळाली तेव्हा ते म्हातारे झाले होते आणि मुलगा स्वतः कॅमेऱ्यांचा इंजिनिअर झालेला होता. "आमच्या घरात तीस वर्षांहून जास्त काळ एवढं मोठं खरं लपून राहू शकलं," ते म्हणाले, "तर आणखी काय लपलं असेल, हे मला कोण सांगणार?"

मला वाटतं, या भागातल्या विश्वासाचं मूळ मला त्या दिवशी सापडलं. सनीवेलमध्येच हवाई दलाचा एक प्रचंड निळा, खिडक्या नसलेला ठोकळा उभा होता. लोक त्याला 'ब्लू क्यूब' म्हणत. आतून उपग्रह चालवले जात. इथल्या कितीतरी घरांनी गुपित पाळलं आहे. गुपित असतं, ते टिकतं, आणि ते खरंच अजब असतं, हे इथल्या इंजिनिअरला ऐकून नव्हे, अनुभवाने माहीत आहे. आणि गुपितं तबकड्या निर्माणही करतात. १९५५ मध्ये नेवाडातल्या ग्रूम लेकवरून यू-२ विमानाच्या चाचण्या सुरू झाल्या. त्या काळी प्रवासी विमानं वीसेक हजार फुटांवर उडत आणि हे साठ हजारांच्याही वर. संध्याकाळी खाली अंधार पडलेला असताना त्याच्या चंदेरी पंखांवर अजून ऊन असायचं. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला डोक्यावर जळतं काहीतरी दिसे, तो कळवी, आणि ज्यांना खरं माहीत होतं त्यांना बोलता येत नसे. हायनेक यांच्या हातात आलेल्या कागदांत अशाही नोंदी असणार, हे मनात आलं की मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं.

त्यानंतर मी कामावरच्या पांढऱ्या फळ्यावर एक उद्योग केला. कोणता दावा कुणी कुणाकडून ऐकला, याचे बाण काढत गेले. हॅल पुटॉफ हे लेसरवर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात मेन्लो पार्कच्या त्याच संस्थेत त्यांनी सीआयएच्या पैशावर अतींद्रिय दूरदर्शनाचे प्रयोग केले. १९९५ मध्ये लास व्हेगासचे हॉटेलमालक रॉबर्ट बिगेलो यांनी अशा विषयांसाठी संशोधनसंस्था काढली. तिच्या सल्लागारांत पुटॉफ, व्हॅले आणि चंद्रावर चालून आलेले एडगर मिचेल. हेच बिगेलो पुढे अंतराळ उद्योगात उतरले आणि त्यांनी बनवलेली फुगवायची खोली २०१६ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलेली आहे, म्हणजे त्यांचं इंजिनिअरिंग खरं आहे. पेंटागॉनच्या तबकड्यांवरच्या ज्या २.२ कोटी डॉलरच्या कार्यक्रमाची बातमी डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिली, त्याचं कंत्राट बिगेलोंच्याच कंपनीला होतं आणि अभ्यासनिबंधांचं काम पुटॉफ यांच्याकडे. २०१७ मध्ये याच विषयात उतरलेल्या 'टू द स्टार्स' कंपनीच्या संस्थापकांतही पुटॉफ. २६ जुलै २०२३ रोजी अमेरिकन काँग्रेससमोर शपथेवर बोललेले माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रुश यांनी मानवेतर यानांचे अवशेष सरकारजवळ असल्याचं सांगितलं, पण स्वतः पाहिल्याचं नाही. चाळीसएक लोकांनी त्यांना ते सांगितलेलं. माझ्या फळ्यावरचे बाण पुन्हा पुन्हा त्याच थोड्या नावांशी येऊन मिळत होते. मार्च २०२४ मध्ये पेंटागॉनच्या या विषयासाठीच्या कार्यालयाने अहवाल दिला, त्याचाही सूर हाच: एकमेकांकडून ऐकलेलं एकमेकांना सांगणारी मोजकी मंडळी, आणि परग्रहाच्या तंत्रज्ञानाचा पुरावा नाही.

यातली माणसं खोटारडी आहेत असं मला वाटत नाही, आणि हे मला ठामपणे सांगायचंय. शास्त्रज्ञ सगळं स्वतः तपासत नाही. तपासूच शकत नाही. मी प्रोसेसरवर विश्वास ठेवते, कारण तो ज्यांनी तपासला त्यांच्यावर माझा विश्वास आहे. विज्ञानाचा सगळा डोलारा असाच उभा आहे. पण तिथे प्रत्येक साखळीच्या शेवटी कुणीतरी फाइल उघडलेली असते. इथे साखळी फिरून सुरुवातीलाच येते, आणि प्रत्येक कडी इतकी सज्जन, इतकी शिकलेली, की शंका घेणं उद्धटपणाचं वाटतं.

वस्तू हातात आली की मात्र सगळं कसं बदलतं, हे मी माझ्या गावाकडून पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. इथे कॅलिफोर्नियात सकाळ होती. बाबांचा फोन आला: "अगं, आकाशातून ओळीनं जळत गेलं काहीतरी. सगळं गाव बाहेर आलंय." त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं सुमारे दहा फूट व्यासाचं कडं पडलेलं सापडलं, आणि आसपासच्या भागात धातूचे गोळेही. गावात त्या रात्री क्षेपणास्त्रापासून परग्रहापर्यंत सगळं बोललं गेलं. पण कडं पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं, इस्रोची माणसं येऊन पाहून गेली, आणि जोनाथन मॅकडॉवेल या हार्वर्डमधल्या खगोलशास्त्रज्ञाने कक्षेच्या नोंदींवरून लगेच सांगितलं, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो टप्पा असावा. नोलन आणि व्हॅले यांनीही १९७७ मध्ये आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्स गावात पडलेल्या वितळलेल्या धातूचं आधुनिक साधनांनी पृथक्करण करून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं: मुख्यतः लोखंड, आणि समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीवरचंच. ते काम मला मनापासून आवडलं. ज्यांचा विश्वास आहे त्यांनीच मोजलं, आणि आलं ते उत्तर छापलं.

लडाखची गोष्टही काकांना मी मुद्दाम सांगितली. २०१२-१३ मध्ये पँगाँग सरोवराजवळच्या आपल्या जवानांनी रात्रीच्या प्रकाशांच्या कितीतरी नोंदी केल्या होत्या. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासल्यावर ते गुरू आणि शुक्र निघाले. काका म्हणाले, "आणि समुद्र टापू?" तेही खरं. २००४ च्या सप्टेंबरमध्ये हिमाचलातल्या समुद्र टापू हिमनदीजवळ इस्रोच्या अहमदाबाद केंद्रातल्या अभ्यासकांच्या तुकडीला एक पांढरी, माणसाच्या आकाराशी मिळतीजुळती वस्तू डोंगरउतारावरून सरकताना दिसली, आणि त्यांनी तिचे फोटो काढले. फुगा असावा असं अनेकांचं म्हणणं. काकांचं म्हणणं, "असावा आणि आहे यात तुझीच ती दरी आहे ना?" बरोबर होतं त्यांचं. ती दरी दोन्ही बाजूंना सारखीच लागू होते.

आम्ही तिघं आता एक काम करतोय. माझ्या वरिष्ठांच्या छतावर सनीवेलला एक कॅमेरा, काकांच्या छतावर फ्रीमाँटला दुसरा. दोन्ही रात्रभर आकाश पाहतात, दोन्हींची घड्याळं जीपीएसला बांधलेली. एका कॅमेऱ्याला दिशा कळते, अंतर नाही. दोन ठिकाणांहून एकाच क्षणी पाहिलं तर अंतर, उंची, वेग सगळं निघतं. घड्याळांत अर्ध्या सेकंदाची तफावत राहिली, तर जेट विमान सव्वाशे मीटर इकडचं तिकडे होतं, म्हणून माझा सगळा वेळ घड्याळांवरच जातो. सॅन होजेला उतरणारी विमानं, स्टारलिंकच्या माळा, अंतराळ स्थानक, कधी उल्का, हे यादीशी ताडून आपोआप बाजूला पडतं.

सुरू करण्याआधी मी दोघांना २००८ च्या पुण्यातल्या ज्योतिषाच्या चाचणीबद्दल सांगितलं. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून २०० मुलांच्या जन्मपत्रिका गोळा केल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या, आणि ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका ओळखायला दिल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली. निम्म्याहून कमीच बरोबर आली. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की काय झालं तर काय मानायचं ते आधी ठरलं होतं. मी आमच्यासाठी तशाच अटी लिहिल्या. पहिली: दोन्ही कॅमेऱ्यांत दिसल्याशिवाय नोंद नाही. दुसरी: मूळ फाइल कुणीही मागितली तर द्यायची, विरोधकालाही. या दोन्हींवर दोघांच्या सह्या झाल्या. दुसरीवर माझ्या वरिष्ठांनी तर आनंदाने केली, कारण सरकारकडे तेही हेच मागतात.

तिसऱ्या अटीवर अडलंय. अमुक काळात काही निघालं नाही, तर आपला विश्वास आपण किती कमी करायचा, याचा आकडा प्रत्येकाने आधीच लिहून ठेवायचा. काकांनी लिहिला आणि पाकीट बंद करून माझ्याकडे दिलं. मीही लिहिला, कारण काही निघालं तर मलाही माझं मत तेवढंच हलवावं लागेल. वरिष्ठ म्हणाले, की सनीवेलच्या आकाशात काही न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही, ते लष्करी तळांजवळ आणि समुद्रावर दिसतं. मी म्हटलं, मग कुठे लावायचा कॅमेरा ते तुम्ही सांगा, आपण तिथे लावू. त्यांनी नकाशा मागवलाय.